तारवाल्या वेस्टर्न कॉमिकचा नवा भाग: तो मेलेला मास्तर सांगतोय तरी काय? स्पॉयलर आहेत, जपून

केळीबाग_रावेर

ज्यांनी नवा भाग वाचला नाही त्यांनी इथूनच मागे फिरा, मी सगळं फोडणार आहे.

तर भो, सुरुवातीपासून मला ही कॉमिक भुताची कमी आणि जमिनीच्या भानगडीची जास्त वाटत होती. न्यू मेक्सिकोतलं चांदीच्या खाणीचं गाव, साल १८७९, अर्धी वस्ती उठून गेलेली, डोंगरापलीकडच्या जुन्या स्टेशनची तार कधीच तुटलेली, खांबसुद्धा लोकांनी सरपणाला नेलेले. आणि तरी रोज रात्री त्याच तारेवरून निरोप येतो. मी आपला धरून चाललो होतो की हे खाणमालकाचंच काम आहे, गाव घाबरून रिकामं झालं की खाण त्याची. आता या भागात तार ऑफिसातली ताई डोळे मिटून ऐकते आणि म्हणते हा हात मास्तरचा आहे. मास्तर म्हणजे तिला तार शिकवणारा, ज्याला तिसऱ्या भागात तिनेच पुरलं होतं. आणि मग ही बाई पळत नाही, कंदील विझवत नाही, बंदूक घेत नाही, खुर्ची ओढून बसते आणि त्याला उत्तर द्यायला लागते!! खाली मास्तरच्या निरोपाची टिंबं आणि रेघांची एक ओळ, मग काळं, काळं, काळं, आणि पाटी की सीझन संपला, लवकरच भेटू. यांचं लवकरच म्हणजे पुढची केळी कापणीला आली तरी येणार नाही.

मला विचारायचंय की ती टिंबांची ओळ कोणी वाचली का. मी नेटवरचा मोर्सचा तक्ता समोर ठेवून एकेक अक्षर लावलं तर निघालं आर, ई, ई, ई, आय, टी, मग आय, ई, आणि त्यापुढे तिच्या बोलण्याचा फुगाच वर आलाय. याला काही अर्थ आहे का? आणि बाकीच्या भागांत प्रत्येक तारेच्या शेवटी तीन टिंब, रेघ, टिंब आणि मग एक लांबलचक रेघ येते, ती तर तक्त्यात कुठल्याच अक्षराला लागत नाही. लेखकाने उगाच काहीतरी गिरवलंय का? असं असेल तर मी पुढचा सीझन वाचत नाही, सरळ सांगतो.

पांझराकाठची

दादा तुम्ही अर्थ शोधत बसलात, मी तर त्या काळ्या पट्टीनेच गार पडले. पुस्तकात पान उलटलं की पुढचं चित्र एकदम समोर येतं, इथे मोबाईलवर अंगठ्याने खाली सरकवत जावं लागतं आणि ही चित्रकार त्याचाच फायदा घेते. मी धुळ्याहून शिरपूरला एसटीने जाताना वाचत होते, काळं संपेचना, वाटलं नेट गेलं, दोनदा रिफ्रेश केलं, आणि मग एकदम खाली तेवढी बोटं दिसतात. बाजूच्या मावशी म्हणाल्या काय गं काय झालं.

पळाली का नाही हा प्रश्न मला पटत नाही. तिच्याकडे दुसरं आहेच काय? पहिल्या भागापासून ती एकटी आहे, गावातले पुरुष तिच्याशी कामापुरतं बोलतात, पगार अर्धा, आणि जगात एकच माणूस तिला बरोबरीने वागवायचा तो हा मास्तर. त्या काळात अमेरिकेत तार ऑफिसात खरंच बायका होत्या बरं का, ते लेखकाने मनाने घातलेलं नाही. तर असा माणूस मेल्यावर का होईना पण बोलतोय म्हटल्यावर मीसुद्धा बसले असते. भीती दाखवायची म्हणून कडकडाट, रक्त, कवट्या हे सगळ्यांना जमतं, इथे ती चहाचा कप बाजूला सरकवते तिथे माझ्या अंगावर काटा आला.

माझी तक्रार वेगळी आहे. तो करड्या कोटाचा घोडेस्वार मला अजून कळलेला नाही. करडा कोट म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या बाजूचा शिपाई एवढं कळतं, आणि मार्च १८६२ मध्ये न्यू मेक्सिकोतच ग्लोरिएटा पासची लढाई झाली होती, दक्षिणेवाल्यांना तिथून माघार घ्यावी लागली. म्हणजे हा सतरा वर्षं भटकतोय? त्याच युद्धाने आपल्या खान्देशात कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि १८६५ ला युद्ध थांबल्यावर तो धाडकन पडला, हे आम्हाला कॉलेजात होतं. त्यामुळे त्याच्या खोगिराला बांधलेली कापसाची गाठोडी बघून मला उगाच आपलं वाटलं, पण कथेत त्या गाठोडीचं पुढे काहीच केलेलं नाही. ठेवलीय कशाला मग.

सारंगखेडा_अबलख

घोडेस्वाराचा विषय निघाला म्हणून बोलतो, नाहीतर मी नुसता वाचून जातो.

आमच्या घरात घोड्यांचा धंदा, दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते तेव्हा तापीकाठी आमचे घोडे उभे असतात, त्यामुळे मी या कॉमिकमध्ये माणसांकडे नंतर आणि घोड्याकडे आधी बघतो. घोडा घेताना आपल्याकडे भोवरे बघतात, पाय बघतात, कपाळावरचा टिळा बघतात, चारी पाय पांढरे आणि तोंडावर पट्टा असला की पंचकल्याण म्हणून भाव वाढतो. तर या करड्या कोटवाल्याचा घोडा तांबडा आहे आणि मागचा डावा पाय पांढरा आहे. दुसऱ्या भागात डावा, पाचव्या भागात डावा. पण जिथे जिथे रात्री तार वाजते तिथे तो पांढरा पाय उजवा होतो!! आधी मला वाटलं चुकून झालं असेल. मग नीट बघितलं तर त्या चित्रांमध्ये तो उजवीकडून रिकिबीत पाय घालतो, घोड्यावर कोणीही डावीकडून चढतो, लहान पोरालाही तेच शिकवतात. पिस्तूल उजव्या कमरेचं डाव्या कमरेला. कोटाची बटणंसुद्धा उलट्या बाजूला. म्हणजे ती अख्खी चित्रं आरशातली आहेत.

माझं म्हणणं असं की तो जिवंत माणसांच्या बाजूला नाहीच, तो पलीकडे आहे आणि तार वाजते तेवढा वेळ आपल्याला पलीकडचं दिसतं. आणि त्याला मरण नाही, कपाळावरची जखम भरत नाही, दारोदार पाणी मागतो. आपल्या अस्तंब्याच्या डोंगरावर अश्वत्थामा जखमेला तेल मागत फिरतो म्हणतात ना, तसलाच शाप असणार याला. त्यानेही काहीतरी असं केलेलं असणार जे माफ होत नाही.

चाळीसगाव_लोकल

अबलखभाऊ, हा शाप आळसाचा आहे. दर आठवड्याला भाग द्यायचा म्हटल्यावर जुनं चित्र उचलायचं, मिरर मारायचं, वरून निळा रंग ओतायचा. मी डिझाईनचं काम करतो, आम्ही पण हेच करतो.

सारंगखेडा_अबलख

आळस असता तर दिवसाच्या चित्रातही दिसला असता ना राव. दिवसा एकदाही पाय बदललेला नाही, सगळे भाग परत बघा मग बोला.

सातपुडा_धडगाव

मी वाचतो पण मला एक गोष्ट सलते आणि ती इथे कोणी बोलतच नाहीये.

चौथ्या भागात खाणीतले मजूर का मरतात तर म्हणे खाण अपाचे लोकांच्या पुरलेल्या माणसांवर आहे. झालं. टेकडीवर धुराच्या आकृत्या, ढोल, आणि एक म्हातारा जो फक्त वाईट होणार वाईट होणार म्हणतो आणि गायब होतो. इतक्या भागांत एका अपाचे माणसाला धड दोन वाक्यं नाहीत. आदिवासी म्हटला की एकतर जादूटोणा नाहीतर शाप, हे मी लहानपणापासून आमच्याबद्दल पण बघतोय, पिक्चरमध्ये, मालिकांमध्ये, शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा. आम्ही काय धूर आहोत का?

आणि कथा १८७९ मध्ये ठेवलीय म्हणून तर जास्तच राग येतो. त्याच भागातल्या व्हिक्टोरिओ या अपाचे म्होरक्याच्या लोकांना १८७७ मध्ये त्यांच्या ओहो कॅलिएन्तेहून उचलून ॲरिझोनात सान कार्लोसला नेलं होतं. ते तिथून निसटले, परत आपल्या जागी राहू द्या म्हणत राहिले, आणि शेवटी १८७९ लाच व्हिक्टोरिओ लढायला उठला, १८८० च्या ऑक्टोबरात मेक्सिकोत मारला गेला. म्हणजे कॉमिकमधली बाई ज्या रात्री तार ऐकत बसलीय त्या रात्री बाहेर जिवंत माणसं डोंगरात फिरतायत, पोराबाळांना घेऊन. त्यांना सोडून मेलेल्यांचा धूर कशाला दाखवायचा?

आमच्याकडे भिल्लांचा खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटात रस्त्याची राखण करायचा, सरकारचीच नोकरी. पुढे तोच बंडात उतरला तर कागदोपत्री लुटारू झाला. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला लढाई झाली, पकडलेल्यांना गोळ्या घातल्या. त्याची गोष्ट कोणी अशी काढली की एक इंग्रज तारबाबू बंगल्यात बसलाय आणि डोंगरावर भिल्लांची भुतं नाचतायत, तर चालेल का तुम्हाला?

अस्तंब्याचं अबलखभाऊ बरोबर बोलले, दिवाळीत मी दरवर्षी जातो. पण यात्रा आहे ती, भुताचा डोंगर नाही.

पांझराकाठची

चौथ्या भागाबद्दल शंभर टक्के. मला तेव्हा खटकलं होतं पण चित्रं इतकी सुंदर होती की मी पुढे सरकवत गेले.

चाळीसगाव_लोकल

मनोरंजन म्हणून बघा ना यार, प्रत्येक ठिकाणी इतिहास कशाला.

सातपुडा_धडगाव

मनोरंजनच बघतोय. धूर बघून मनोरंजन होत नाही एवढंच सांगितलं.

तारबाबू_भुसावळ

नमस्कार मंडळी. मी रेल्वेतून रिटायर झालेला सिग्नलर, म्हणजे तारा पाठवणारा-घेणारा आहे, भुसावळ. नातवाने हा धागा दाखवला आणि म्हणाला आजोबा तुमचं काम निघालं. रात्री बसून सगळे भाग बघून काढले, डोळे दुखले. भुताखेताचं मला कळत नाही पण तारेचं सांगतो.

रावेरकर, तुम्ही तक्ता चुकीचा घेतला. नेटवर मिळतो तो आंतरराष्ट्रीय मोर्स, आम्ही पण तोच शिकलो. पण अमेरिकेत जमिनीवरच्या तारांवर त्यांचा जुना मोर्स चालायचा, त्यात काही अक्षरांच्या पोटात जागा असते. ओ म्हणजे एक टिंब, थोडी जागा, एक टिंब. आर म्हणजे एक टिंब, जागा, दोन टिंब. एफ म्हणजे टिंब रेघ टिंब, जो आपल्याकडे आर होतो. आता तुमचंच लावा. पहिलं आर म्हणजे त्यांचा एफ. दोन ई मिळून ओ. ई आणि आय मिळून आर. मग टी. फोर्ट. पुढचं आय आणि ई मिळून दोन टिंब, जागा, एक टिंब, तो सी. फोर्ट आणि सी, तिथून पुढे फुगा आलाय. गिरवलेलं काही नाही, लेखकाने बरोब्बर मांडलंय.

शेवटची ती तीन टिंब, रेघ, टिंब आणि लांब रेघ म्हणजे त्यांच्या मोर्समध्ये ३ आणि ०. तीस. १८५९ मध्ये वेस्टर्न युनियन या तिकडच्या तार कंपनीने आकड्यांची यादी ठरवली होती, ७३ म्हणजे शुभेच्छा, ३० म्हणजे संपलं, पुढे काही नाही. आता मजा बघा, या कॉमिकमध्ये जिवंत माणसाची प्रत्येक तार तीसने संपते. मास्तरची एकही नाही. त्याचा निरोप दर रात्री सुरू होतो आणि मध्येच थांबतो. मला विचाराल तर त्याला सूड वगैरे नकोय, अर्धी राहिलेली तार पुरी करायचीय. ड्यूटीवर तार अर्धी सोडून उठायचं नाही हे आमच्या अंगात इतकं भिनलेलं असायचं की मला ते फार पटलं.

आणखी एक. सहाव्या भागात मास्तर मेला त्या जुन्या स्टेशनचं चित्र आहे, धूळ बसलेली, टेबलावर तारेची किल्ली, म्हणजे जी दाबून टिंबं-रेघा पाठवतात ती. त्या किल्लीच्या बाजूला एक छोटा दांडा असतो. अमेरिकन पद्धतीत लाईन बंद वर्तुळात चालते, म्हणजे पाठवणं झालं की प्रत्येकाने आपला दांडा लावून ठेवायचा, एकाने उघडा ठेवला की पूर्ण लाईन मुकी. चित्रात दांडा उघडा आहे. मुद्दाम मोठा काढलाय. तो पाठवता पाठवता गेला आणि दांडा तसाच राहिला. माझा अंदाज असा की ताईला डोंगर ओलांडून तिथे जावं लागेल आणि तो दांडा लावावा लागेल.

हात ओळखला ते पण खरं आहे, कोणाला अतिशयोक्ती वाटत असेल तर सांगतो. नुसत्या कट्ट कडकट्टवरून समोर कोण बसलाय ते आम्ही सांगायचो, खंडव्याचा कोण, मनमाडचा कोण, आज त्याचं डोकं दुखतंय की काय हेसुद्धा. साउंडर म्हणजे आलेली तार वाजते ते यंत्र, त्याच्या मागे तंबाखूचा रिकामा डबा ठेवलेला दाखवलाय तो आवाज मोठा यावा म्हणून, असं तिकडे खरंच करायचे. चित्रकाराने कुठल्यातरी जुन्या तारवाल्याला गाठलेलं दिसतं.

आणि कोणीतरी खाली कॉमेंटमध्ये लिहिलं होतं की काचेच्या बरण्यांमधलं निळं पाणी म्हणजे मंतरलेलं आहे. अहो ती बॅटरी. तांबं, जस्त आणि मोरचूद. मोरचूद चुन्यात कालवून झाडांवर फवारतात तोच.

केळीबाग_रावेर

काका!!! दंडवत. आर ई ई ई आय टी मधून फोर्ट निघाला, मी घरात ओरडलो तर बायको म्हणे क्रिकेट आहे का. आणि मोरचूदाचं ऐकून हसू आलं, शेडमध्ये पोतं पडलंय त्याचं आणि मी तिथे चित्रात निळा उजेड बघून घाबरत होतो. पुढचा सीझन वाचणार, शब्द मागे.

शिंदखेडा_भाचा

काकास्नी बठ्ठं सोडी दिन्हं भो, लेखकले सांगा आते पुढला भाग लिखानं काम नही.

पांझराकाठची

काका तुमची अर्ध्या तारेची गोष्ट वाचून तो चहाचा कप परत बघितला. ती उत्तर देते तेव्हा शेवटी तीस देते का हो? मला तिच्या उत्तरात लांब रेघ दिसली नाही.

तारबाबू_भुसावळ

नाही देत बेटा. ती फक्त जीए देते, म्हणजे बोला, पुढे चालू द्या. नीट ऐकणारा माणूस तेवढंच देतो.

सातपुडा_धडगाव

काकांचं वाचून मी सहावा आणि नववा भाग परत बघितला आणि आता मला वेगळीच शंका आहे. तार फोर्टला चाललीय, म्हणजे लष्कराला. त्या भागात १८७० च्या दशकात लष्कराच्याच तारा होत्या. एका तारमास्तरने रात्री घाईघाईत लष्कराला काय कळवायचं असेल? डोंगरात कोण दिसलं, किती जण, कुठल्या पाणवठ्यावर. नवव्या भागात मास्तरच्या खिडकीबाहेर झऱ्यावर बायका पाणी भरताना एका कोपऱ्यात दाखवल्यात, मी आधी बघितल्याच नव्हत्या, धुराच्या नाहीत, नीट माणसं काढलीत, एकीच्या कडेवर मूल आहे. म्हणजे तो त्यांची बातमी देत होता आणि मध्येच मेला, आणि बातमी न गेल्यामुळे त्या वाचल्या असतील. असं असेल तर ताईने जाऊन तो दांडा लावणं आणि मास्तरची तार पुरी करून देणं हे चांगलं काम आहे का? तुम्ही सगळे त्याला सुटका म्हणताय. मला तर वाटतं दांडा उघडा आहे तोच बरा आहे, आणि तो कोणी मुद्दाम उघडला असेल तर त्याच माणसाची गोष्ट मला वाचायचीय.

हे लेखकाच्या डोक्यात असेल तर चौथ्या भागाचं मी थोडं कमी बोलेन. थोडंच.

सारंगखेडा_अबलख

मग घोडेस्वार कोण? त्यानेच उघडला असेल तर? नवव्या भागात झऱ्याशेजारी घोडा बांधलाय, पण पाय गवतात आहेत, पांढरा कुठला ते दिसत नाही.

चाळीसगाव_लोकल

बघा, गवत काढलं की पाय काढायचे वाचतात 😄

केळीबाग_रावेर

काका, ती फुग्याखालची ओळ वाचता येईल का काही करून? फुगा थोडा पारदर्शक वाटतो मला, ब्राइटनेस वाढवला की खाली पुसट काहीतरी दिसतं.

तारबाबू_भुसावळ

सी वरून त्या बाजूला क्रेग आणि कमिंग्ज असे दोन फोर्ट होते, नातवाने नकाशात दाखवले. क्रेग असेल तर सी नंतर एक टिंब, जागा, दोन टिंब यायला पाहिजे, कमिंग्ज असेल तर दोन टिंब आणि रेघ. चित्र मोठं करून पाठवा, माझ्या फोनवर टिंब आणि डाग सारखेच दिसतात. आणि नवव्या भागातली खिडकी पण पाठवा, धडगावचे भाऊ म्हणतात त्या बायका मला अजून सापडल्या नाहीत.